लेकराचं वजन वाढलंय? ताट वेगळं मांडू नका

आरोग्य उपकेंद्रात मला बावीस वर्षं झाली. यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव, बाजूला कोलाम आदिवासींचे दोन पोड, म्हणजे वस्त्या. इतकी वर्षं वजनकाट्याकडे मी एकाच काळजीनं पाहत आले, की काटा पुढे का सरकत नाही. विदर्भ म्हटलं की मेळघाट, कुपोषण, लाल श्रेणीतली, म्हणजे वजन फार कमी असलेली बालकं. आमचं सगळं प्रशिक्षण त्याचंच. त्यामुळे गावातली एक आजी नातवाला घेऊन आली तेव्हा वजनाचा विषय माझ्याही डोक्यात आला नाही.

तिची तक्रार मानेची होती. "सिस्टर, याची मान पाहा न बाप्पा. वजरीनं घासली, बेसन लावलं, निंबू लावलं, पन मळ काही निंघत नाही."

मळ नव्हताच तो. मानेच्या मागची कातडी काळी, जाडसर, बोट फिरवलं तर मखमलीसारखी लागणारी. काखेतही तसंच. वजन फार वाढून शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं, की रक्तात इन्सुलिन वाढतं आणि कातडी अशी होते. घासून ती जात नाही, सोलवटते तेवढी. पोरगा दहा वर्षांचा, वजन ४७ किलो. आजी म्हणाली, "खात्यापित्या घरचा हाये."

त्या घरात मी बऱ्याच गोष्टी शिकले आणि दोन-तीन मोठ्या चुकाही केल्या. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांच्यासाठी, आणि नव्या आशाताई व अंगणवाडीताईंसाठी, आता सुरुवातीपासून सांगते.

आधी मोजा, नजरेवर जाऊ नका

आपली नजर फसवते. पाठच्या बरगड्या दिसणाऱ्या पोरांत वावरायची सवय असली की जाड लेकरू "तब्येतीनं बरं" वाटतं. उलटंही होतं. शहरातून आलेली आत्या चांगल्या अंगाच्या पोरीला उगाच "फुगली" म्हणते.

वजन सकाळी, शाळेच्या हलक्या कपड्यांवर. उंची चप्पल काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पाटी आडवी धरून. वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं, की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा निघतो. या पोराची उंची १३६ सेंटीमीटर, म्हणजे १.३६ मीटर. ४७ भागिले १.३६, आलेल्या उत्तराला पुन्हा १.३६ नं भागलं की २५.४.

इथे नवीन माणूस हमखास चुकतो. मोठ्यांसाठीचे आकडे लेकरांना लावायचे नसतात, कारण लेकरांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले, मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. त्यात दोन रेषा पाहायच्या. एक मोठ्या माणसाच्या २३ बीएमआयच्या बरोबरीची, तिच्या वर गेलं तर अतिवजन. दुसरी २७ च्या बरोबरीची, तिच्या वर गेलं तर लठ्ठपणा. दहा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर आमचा ठिपका दुसऱ्या रेषेच्याही वर पडला.

तक्ता नसेल तर दोरी घ्या. पाच वर्षांपुढच्या कुठल्याही लेकराला चालतं. दोरीनं त्याची उंची मोजा, तेवढीच तोडा आणि मधोमध दुमडा. ही अर्धी दोरी त्याच्या कमरेभोवती, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधे, न आवळता गुंडाळा. टोकं सहज मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर पोटात चरबी साठते आहे. आमच्या पोराची टोकं चार बोटं लांब राहिली. तिथे बसलेल्या त्याच्या बापानं गमतीनं आपलीही दोरी करून पाहिली. त्याची तर पाच बोटं! खोलीतलं हसणं थांबलं आणि खरं काम तिथून सुरू झालं, असं मला आजही वाटतं.

डॉक्टरकडे आधी कधी जायचं

मान किंवा काख काळी असेल, झोपेत मोठ्यानं घोरत असेल, सारखी तहान आणि लघवी, गुडघा किंवा खुबा दुखून लंगडत असेल, मोठ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने लांबत असेल, तर घरचे उपाय चालू ठेवा, पण आधी तपासून घ्या. आणखी एक खूण लोकांना माहीत नसते. जास्त खाण्यानं जाड झालेली लेकरं सहसा वयाच्या मानानं उंच असतात. लेकरू जाडही आहे आणि वर्गात सगळ्यात बुटकंही, तर थायरॉइड किंवा दुसऱ्या ग्रंथीची भानगड असू शकते, ते बालरोगतज्ज्ञांनाच पाहू द्या.

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांमध्ये तपासणीला येतं. शाळेत वर्षातून एकदा तरी येतंच, त्यांना तुम्ही स्वतःहून विचारलं पाहिजे. पुढे ग्रामीण रुग्णालय, मग यवतमाळचं किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. सेवाग्रामचं रुग्णालयही आम्हाला जवळच. बाजारात मिळणारी वजन उतरवायची पावडर, चूर्ण, काढा लेकराला देऊ नका.

माझी पहिली चूक

आता ताटाचं. मी काय केलं? आईला सांगितलं, याची भाकरी निम्मी करा, भात बंद, गोड बंद. घरातले बाकीचे जेवत होते तसंच जेवत राहिले. धाकटी बहीण बारीक, म्हणून तिच्या पोळीवर तूप. याच्या ताटात दुधीची भाजी. आजी चुलीपुढून म्हणायची, "लेकराले उपाशी मारून रायली काय वं?"

दोन महिन्यांनी वजन दीड किलोनं वाढलेलं. चौकापुढच्या दुकानात पोराच्या नावावर ३४० रुपये उधारी. शाळेत दुसऱ्यांचे डबे उघडताना सापडला, गुरुजींनी सगळ्यांसमोर उभं केलं. ही चूक माझी होती, पोराची नव्हती. भुकेल्या लेकराला एकट्याला पंगतीतून उठवलं तर ते चोरूनच खाणार.

नंतर मी वाचलं तेव्हा कळलं, की ही गोष्ट डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये संशोधक लेनर्ड एपस्टाइन यांनी काही कुटुंबांत आईबाप आणि मूल दोघांवर एकत्र काम केलं, काहींत फक्त मुलावर. दहा वर्षांनी पुन्हा मोजलं. एकत्र केलेल्यांचं वजन जास्त चांगलं आटोक्यात होतं. तो अहवाल १९९० चा. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी त्याच्याही पुढची गंमत केली. ६ ते ११ वर्षांची साठ मुलं घेतली. एका गटात मुलांना बोलावून आहार शिकवला, दुसऱ्या गटात मुलांना बोलावलंच नाही, फक्त आईबाप यायचे. १९९८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात आईबाप येणाऱ्या घरांतल्या मुलांचं वजन जास्त उतरलं, आणि मधेच सोडून जाणारे मुलांच्या गटात जास्त निघाले. २०२३ मध्ये एपस्टाइन यांच्याच मंडळींनी ४५२ मूल-पालक जोड्यांवर, साध्या बालरोग दवाखान्यांत, दोन वर्षं हेच करून पाहिलं. मुलं सुधारली, आईबाप सुधारले, आणि ज्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं ती भावंडंसुद्धा सुधारली.

ज्या घरात तेलाचा पिपा एक, चूल एक, तिथे दुसरं काय होणार!

बैठक बसवा

एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवा. आईवर सोडू नका. आजी, आजोबा, बाप, शेजारी राहणारा काका, जो जो लेकराच्या हातावर काही ठेवतो तो प्रत्येक जण हवा. लेकरूही हवं, पण त्याच्यावर खटला चालवायला नको.

पहिला ठराव शब्दांचा. जाड्या, ढोल्या, भोपळ्या, हत्ती हे शब्द घरातून बंद. मायेनं म्हटले तरी बंद. चिडवल्यानं कुणी बारीक झालेलं मी पाहिलं नाही, लपून खाणारी मात्र पाहिली. मोठ्या मुलींच्या बाबतीत हे जास्तच जपा, त्या जेवणच सोडतात.

दुसरा ठराव, ज्याला त्याला एक काम. आमच्या या घरात आजोबांकडे दुकान आलं, म्हणजे उधारी बंद करून यायचं. बापाकडे संध्याकाळचं खेळणं. आजीकडे डब्यांची मांडणी. आईकडे मुद्दामच नवीन काही दिलं नाही, तिच्याकडे आधीच सगळं होतं.

तिसरं, दर आठवड्याला अर्धा तास असंच बसायचं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०२३ मध्ये म्हणाली, की अशा कुटुंबाला तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास समोरासमोर मार्गदर्शन मिळायला हवं. तो हिशेब शिकलेल्या माणसांसोबतच्या तासांचा. आमच्या तालुक्याला आहारतज्ज्ञ कुठून आणायचा? पण आठवड्याला अर्धा तास धरला तर वर्षाचे बरोबर २६ तास होतात. मी महिन्यातून एकदा जाऊन बसायचे, बाकीचे तास घरानं भरले.

पहिला आठवडा, फक्त लिहा

काहीही बदलायचं नाही. शंभर पानी वही घ्या आणि सगळ्या घराचं लिहा, फक्त लेकराचं नको. काय खाल्लं, कधी, कुणी दिलं, तेव्हा मोबाइल किंवा टीव्ही चालू होता का. "कुणी दिलं" हा रकाना विसरू नका, खरी माहिती तिथेच निघते.

या घराच्या वहीत काय निघालं ते सांगते. सकाळी सहाला चहा, चार टोस्ट बुडवून, आजीबरोबर. सातला आई वेचणीला. वेचणीची मजुरी किलोवर, उन्ह चढायच्या आधी जितका कापूस निघेल तितका निघेल. सकाळी पोळ्या लाटत बसली तर दहा किलोचं नुकसान. म्हणून पोराच्या हातावर दहा रुपये. त्याचे दुकानातल्या खाऊचे पाच-पाचचे दोन पुडे. साडेआठला कॉन्व्हेंटची गाडी, पाऊण तास बसून. डब्यात शेवया नाहीतर पाकिटातले नूडल्स, कारण पटकन होतात. साडेचारला घरी, पुन्हा चहा, बिस्किटाचा पुडा, यूट्यूब. बाजाराच्या दिवशी बाप आलूबोंडे आणतो. रात्री वरण-भात, पोळी, भाजी, मोबाइल समोर धरून, कुणाचंच लक्ष नसताना. झोप साडेदहा-अकराला.

ऐकताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं आपण आळशी ठरलो. मला या दहा रुपयांत आळस दिसत नाही. वेचणीच्या चार महिन्यांत आमच्या गावातल्या निम्म्या घरांत न्याहारी म्हणजे दहा रुपयेच. म्हणून बदल तिथूनच सुरू केला, आणि तोही असा की सकाळी चूल पेटवावी लागू नये.

महिन्याचे ३०० रुपये होतात, त्यात दीड-दोन किलो फुटाणे येतात. आजीनं डबा भरून ठेवला. रात्री दोन अंडी उकडून ठेवायची. उरलेल्या पोळीचे कुटके, कांदा आणि सांभार म्हणजे कोथिंबीर घालून, एक पळी तेलात, हे आजीला चांगलं जमायचं. दिवाळीनंतर संत्री घरात पोत्यानं येतात, ती कापून खायची, रस काढायचा नाही. रस काढला की चार संत्र्यांची साखर एका दमात पोटात जाते आणि चोथा फेकला जातो.

लाल, पिवळं, हिरवं

एपस्टाइन यांची सिग्नलच्या दिव्यांची पद्धत खेड्यातही चटकन समजते. वहीत प्रत्येक पदार्थाच्या पुढे रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपके लेकरालाच देऊ द्या, ते त्याचं आवडतं काम होतं.

हिरवं म्हणजे पोट भरून खा. अंबाडी, चवळी, मेथी, पावसाळ्यात तरोटा, दोडके, कोहळं, वांगं, काकडी, मुळा, टमाटर, बोरं, संत्रं, जाम म्हणजे पेरू. पिवळं म्हणजे रोज हवंच, पण मापात. भाकरी, पोळी, भात, वरण, उसळ, अंडी, दूध, दही, फुटाणे, मूठभर फल्लीदाणे. लाल म्हणजे मोजून. पुडे, बिस्किटं, टोस्ट, खारी, समोसा, आलूबोंडा, भजी, थंडा, जिलबी, गोड चहा.

लालवर बंदी घालायची नाही. या घरानं बाजाराचा दिवस लालचा ठेवला. त्या दिवशी बापानं आणलेला खाऊ सगळ्यांनी मिळून, ताटलीत घेऊन, बसून खायचा. इतर दिवशी तो पदार्थ घरातच नसेल तर कुणाला "नको" म्हणायची पाळी येत नाही. डब्यांच्या मांडणीचा अर्थ हाच. बिस्किटाचा डबा आजीच्या खाटेखालून उठला, त्याच्या जागी फुटाणे. आठ दिवस आजी माझ्याशी धड बोलली नाही.

आता दोन हिशेब सांगते, ते प्रत्येक घरानं करून पाहावेत.

एक तेलाचा. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण किलो पुरे. सात माणसांचं घर, म्हणजे पंधरा किलोचा पिपा तीन महिने जायला हवा. यांचा दीड महिन्यात संपायचा. आपल्याकडे गोळाभातावर वरून फोडणी ओतायची, झुणक्याला तवंग दिसला पाहिजे, तर्रीशिवाय पोहे नाहीत. मलाही आवडतं, खोटं का सांगू. कढईत पिप्यातून थेट ओतणं बंद करा आणि पळीनं मोजा. एवढ्यानंच पहिल्या महिन्यात फरक पडतो, चवीत मात्र कळतसुद्धा नाही. दोन महिन्यांनी पिप्यावर तारीख लिहायला त्यांना मला सांगावं लागलं नाही.

दुसरा साखरेचा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली हवी, पाच टक्क्यांखाली आली तर आणखी चांगलं. आठेक वर्षांच्या लेकराला १७०० किलोकॅलरी धरल्या तर दहा टक्के म्हणजे साधारण ४२ ग्रॅम, पाच टक्के म्हणजे २१. दोन-दोन चमचे साखरेचा दोन वेळचा चहा झाला की २० ग्रॅम संपले. थंड्याच्या पाव लिटर बाटलीत २५ ग्रॅमच्या आसपास असतात, बाटलीमागे लिहिलेलं असतं, लेकराकडूनच वाचून घ्या. चहा एकदम तोडू नका. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, आणि ती सगळ्यांच्या चहातली. पाहुण्यांना वेगळी वाटी द्या.

शाळेच्या खिचडीला दोष देणारे पालक बरेच भेटतात. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम धान्य आणि ४५० किलोकॅलरी, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम आणि ७००, असं ते माप आहे. ते रीतसर जेवण आहे. घोटाळा शाळेच्या फाटकासमोर असतो. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. ५० मीटर म्हणजे किती, ते आमच्या गावात कुणी मोजलेलं नाही. ग्रामसभेत विषय काढायला हरकत नाही, मी काढला होता. दुकानदारानं पानठेल्यावर दोन दिवस माझी टिंगल केली, पण फुटाण्याच्या पुड्या ठेवायला लागला.

ताटावर कोणाचं राज्य

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञबाईंचा एक नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं हे लेकरानं. आपण नेमकं उलटं करतो. काय हवं ते त्याला विचारतो, आणि वाढताना "एक घास काऊचा, अजून एक पोळी घे" म्हणून किती ते आपण ठरवतो.

जेवण एका जागी, मोबाइल न घेता, शक्यतो सगळ्यांनी मिळून. आधी भाजी आणि काकडी-मुळा ताटात, मग बाकीचं. दुसऱ्यांदा मागितलं तर द्या, पण पाच-दहा मिनिटं गप्पा मारून. पोट भरल्याची वर्दी मेंदूला उशिरा पोचते. ताट चाटूनपुसून संपवायची सक्ती नको, त्यापेक्षा कमी वाढा.

धाकटी बारीक आहे तिचं काय, असं विचारतात. एकाच घरात एक जाड, एक बारीक, हे आता नेहमीचं झालंय. भांडं एकच. तिला दुधाचा एक पेला आणि फल्लीदाणे जास्तीचे द्या, सगळ्यांसमोर, आणि वयाला जास्त लागतं म्हणून द्या. बिस्किटं बारीक लेकराचीही भर करत नाहीत.

खेळ आणि झोप

दिवसाला साठ मिनिटं धाप लागेल असं खेळणं हवं. एकाच वेळी नको, तुकड्यांनी चालतं. या घरात बाप संध्याकाळी पोराला सायकलवर वावरात न्यायचा, येताना पोरगा सायकल चालवायचा आणि बाप मागं चालायचा. गाडी एक थांबा आधी सोडायची. लगोरी, कबड्डी, आट्यापाट्या, जे गल्लीत चालतं ते. जाड लेकरू पळण्यात मागे पडतं, म्हणून पळण्याच्या शर्यतीनं सुरुवात करू नका. ताकद लागणारे खेळ आधी द्या, त्यात ते जिंकतं.

एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. सकाळी आठच्या आत नाहीतर दिवस बुडाल्यावर, अधेमधे नाही. शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, दोन महिने लेकरू कूलरपुढे मोबाइल घेऊन पडलेलं असतं. वजन उन्हाळ्यातच चढतं, माझ्या वहीत तरी तसंच दिसतं.

झोप सहा ते बारा वर्षांच्या लेकराला नऊ ते बारा तास. कमी झोपलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी जास्त खातं. रात्री नऊनंतर मोबाइल आजोबांच्या उशाशी, हा त्या घरचा नियम. आजोबाच चोरून भजनं ऐकत बसायचे, ती गोष्ट निराळी.

बक्षीस

खाऊचं नको, पैशाचं नको. "भाजी खाल्ली तर चॉकलेट" म्हटलं की भाजी शिक्षा ठरते. वजनाला बक्षीस देऊ नका, केलेल्या कामाला द्या. आठवड्यात पाच दिवस खेळला, तर रविवारी ट्रॅक्टरवर पुढे बसायला मिळेल. याला तान्ह्या पोळ्याचा मोठा लाकडी बैल हवा होता, चाकांचा. वहीतल्या हिरव्या ठिपक्यांवर तो बैल आला.

काट्याकडून काय मागायचं

वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर. रोज नको. बहुतेक वाढत्या लेकरांचं वजन उतरवायची घाई नसते, ते आहे तिथे थांबलं तरी काम होतं, कारण उंची वाढत असते. याच पोराचं पाहा. वर्षभरात उंची सहा सेंटीमीटर वाढून १४२ झाली आणि वजन ४७ वरच राहिलं, तर बीएमआय २५.४ वरून २३.३ वर येतो. एक ग्रॅम न उतरवता. फार जाड किंवा मोठ्या वयाच्या लेकरांचं वजन उतरवायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील.

माझ्या पहिल्या चुकीमुळे तो साडेअठ्ठेचाळीसवर गेला होता. तिथून वर्षभरानं ४८. मान अजून काळी आहे, पण फिकी झाली आहे. घोरणं थांबलं. दोरीची टोकं अजून दीड बोट लांब आहेत. बापाची आधी मिळाली, आणि तो ते गावभर सांगत फिरतो.

घसरगुंडी

होणारच. पोळ्याला पुरणपोळी, महालक्ष्म्यांचं जेवण, सप्ताहातल्या पंगती, लग्नसराई. त्या दिवशी वही बंद ठेवू नका, लिहा, एवढंच. सणाला सण करा. चुकतं ते असं, की सणाचे लाडू पुढे पंधरा दिवस डब्यात राहतात. उरलेलं शेजारी वाटून टाका, गड्याला द्या, मला द्या.

सलग दोन महिने वजन वाढलं तर नवीन काही शोधू नका. पुन्हा पहिल्या आठवड्याकडे जा, काही न बदलता सात दिवस लिहा, आणि "कुणी दिलं" हा रकाना वाचा. मागच्या हिवाळ्यात या घरात तो रकाना मामाकडे निघाला. मामा शेजारच्या गावात राहतो, दर शनिवारी पोराला घेऊन जातो, आणि त्याला कुणी बैठकीला बोलावलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मामाला बोलावलं.

मी गेले तेव्हा दुसरी वही चालू होती. आजीला लिहिता येत नाही, ती नातवाला सांगत होती, "लिही, बाजाराच्या दोन जिलब्या. एक तुही, एक माही. लाल ठिपका दोघाईलेही दे."